परिणामी वत्सला

"बाण जुळत नाही," पडताळणी केंद्राच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. ब्लाउजपीस साडीला जुळत नाही म्हणावं, तितक्याच सहज. "आई तुम्हीच का? मग मुलीला घेऊन आत जा. डॉक्टर मुजावर बोलावतायत."

प्रांजली बिरादारनं वत्सलाचा हात धरला. हात लगेच हातात आला. तेरा-चौदा वर्षांची मुलं चारचौघांत आईच्या हातातून हात सोडवून घेतात, पण तेव्हा प्रांजलीच्या ते ध्यानात आलं नाही. तिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या फलकाकडे होतं. 'खोटा कलबाण सादर करणे म्हणजे दिशाभूल. दिशाभूल करणाऱ्याचे सर्व पाठ कायमचे बंद होतील.'

पाठ बंद झालेलं पोर म्हणजे काय, हे त्या काळात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. शाळांच्या इमारती अजून होत्या. तिथं खिचडी शिजे, झेंडावंदन होई. शिकवायला मात्र पाटी. पाटी म्हणजे मांडीवर मावेल एवढा पडदा. त्यावर व्हिडिओतले सर शिकवत, आणि शिकवता शिकवता पाटी समोरच्या पोराकडे बघत राही. पोरांचे चेहरे ओळखायला कायद्यानं बंदी होती, म्हणून ती फक्त नजर वाची. बुबुळं कुठं थबकली, कुठं घसरली, बोटानं व्हिडिओ कुठून मागं नेला, कुठं घाईनं पुढं सरकवला. एवढ्यावरून ती पोराचा कलबाण काढी.

त्याआधी मुलांना गुण देत असत. पण गुण ही अदिश राशी, म्हणजे नुसता आकडा. पोर किती शिकलं हे त्यातून कळतं, कुणीकडे निघालंय ते कळत नाही. कलबाण ही सदिश राशी. बाणाची लांबी म्हणजे शिकणं किती, आणि टोक म्हणजे मनाचा कल कुणीकडे. कागदावर आपण दोन अक्ष काढतो, एक आडवा, एक उभा. कलबाणाला असे शेकडो अक्ष असत. ते चित्र कुणाच्या डोळ्यांपुढं येत नसे, तरी सोयरिकीच्या बैठकीत पोह्यांच्या बश्या हातात घेऊन लोक विचारत, "पोराचा बाण कुठंशी?" आणि उत्तर ऐकून समजल्यासारखी मान हलवत.

वत्सलाचा बाण लांब होता आणि सरळ गणिताकडे होता. पुण्याजवळच्या निवासी गणितशाळेनं तो पाहूनच तिला बोलावलं होतं. जाण्याआधी एकदा केंद्रात पाटीसमोर बसून पडताळणी करायची, एवढंच राहिलं होतं; ती आज सकाळी झाली. देवणीजवळच्या त्यांच्या गावातून असं बोलावणं आजवर कुणाला आलं नव्हतं. नवरा हैदराबादला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. त्यानं फोनवर बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून पुन्हा तीच बातमी ऐकली.

डॉक्टर मुजावर साठीला टेकलेल्या, चष्मा केसांत खोवून तो टेबलावर शोधणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वत्सलाला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि प्रांजलीकडे वळल्या.

"ताई, घरी पाटीसमोर हिच्याशिवाय आणखी कोण बसायचं?"

"कोण बसणार मॅडम? मीच. म्हणजे बसायचे असं नाही. जागा धरायचे."

"जागा?"

"एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं. ही मधेच उठून म्हशीकडं पळायची. पाटीपुढं कुणी नसलं की बाण गळतो म्हणतात. म्हणून ही येईस्तोवर मी बसायचे. पोरीची जागा जाऊ नये म्हणून."

"रुमाल गणितं सोडवत नाही, ताई."

प्रांजलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "नुसतं बसून तरी किती बसावं माणसानं?"

खरं तर पहिल्या दिवशी ती नुसतीच बसली होती, भेंडी चिरत. व्हिडिओतले काशीद सर सदिश शिकवत होते. "पाच किलो साखर द्या म्हटलं की दुकानदार काही विचारत नाही," सर म्हणाले. "पण पाच किलोमीटर चाला म्हटलं, तर आधी विचारावं लागतं. कुठल्या अंगाला?" प्रांजलीचा विळीवरचा हात थांबला. दहावीनंतर तिचं लग्न झालं, मग हे घर, ही चूल, ही पोर. ती आयुष्यभर चाललीच होती. कुठल्या अंगाला, हे तिनं विचारलं नव्हतं आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिनं बोटानं व्हिडिओ मागं नेला आणि सरांना पुन्हा तेच बोलायला लावलं.

मग ते रोजचंच झालं. एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट लावायचं आणि पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे दोघांची बेरीज, परिणामी सदिश. दोन वेगळ्या दिशांतून तिसरीच दिशा निघते, याचा तिला इतका आनंद झाला की तिनं पोळपाटावर पिठात बाण काढले. गोठ्यातून परत आलेली वत्सला दारात कमरेवर हात ठेवून उभी राही.

"माय, परीक्षा तुझी का माझी?"

"थांब गं, एवढं होऊ दे."

"होऊ दे, होऊ दे. तू हो इंजिनेर, मी तुझ्या वाटच्या भाकरी थापते. नाहीतर असं कर, म्हशीलाच बसव पाटीपुढं. तिचे डोळे तुझ्यापेक्षा मोठेयत."

असं बोलायची ती तेव्हा.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पाटीला दोघी मिळून एकच पोर दिसत होतं," त्या म्हणाल्या. "चेहरा तिला ओळखता येत नाही आणि मायलेकींची नजर फार वेगळी फिरत नाही. तिनं तुमची बेरीज केली. जी गणितशाळेला आवडली, ती वत्सला या खोलीत नाही, ताई. ती तुमची दोघींची परिणामी."

प्रांजली पुढं सरकली. "पण मग निम्मा तरी बाण हिचाच असंल. मी तर मधून मधून बसायचे. हिचा हिचा काढा ना मॅडम. थोडा कमी भरला तरी घेतील की ते. हातापाया पडते मी त्यांच्या."

"पडताळणीत हिचा एकटीचा निघाला होताच. तो बघून पाटी चुकली असं मला वाटलं. आता आधी तुमचा काढू."

प्रांजली पाटीसमोर बसली. प्रश्न येत गेले. आपण इथं कशासाठी बसलोय हे ती मधे चक्क विसरली. उठली तेव्हा तिचे गाल तापले होते. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. कागदावर काढावेत तसे सपाट करून दाखवलेले दोन बाण होते. एक पाटीत साठवलेला, वत्सलाच्या नावाचा. एक आत्ताचा, तिचा. एकावर एक ठेवले तर खालचा दिसत नव्हता.

"तुमचा अधिक मुलीचा, बरोबर हा साठवलेला," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आणि तुमचा एकटीचाही हाच. तर मग मुलीचा..."

"शून्य," प्रांजली म्हणाली.

उत्तर झटकन सुचलं होतं. क्षणभर तिचा चेहरा खुललाही, सरांनी विचारलं आणि वर्गात पहिला हात आपला वर गेला, तसा. मग आपण काय बोललो ते तिच्या कानांपर्यंत पोचलं.

"नाही," ती म्हणाली. "पुन्हा काढा. गणित येत नसंल तिला, मान्य. पण शून्य कसं? शून्य सदिशाला दिशाच नसते मॅडम. काहीतरी असंल की. कुठल्यातरी अंगाला असंल."

"होतं." डॉक्टरांनी दुसरं चित्र काढलं. "हा तिचा पहिला बाण. तुम्ही बसायला लागायच्या आधीचा. लांबीला बेताचा. पण टोक बघा किती ठाम. हा गुरांकडे जातोय. गणिताशी जवळजवळ काटकोनात. याला आम्ही आडवा घटक म्हणतो."

मग त्यांनी समजावलं, आणि समजावताना त्या प्रांजलीकडे बघत नव्हत्या. नदी ओलांडायची आणि प्रवाह आडवा ढकलतोय, तेव्हा नावाडी काय करतो? नावेचं तोंड प्रवाहाच्या उलट, तेवढंच वळवून धरतो. पाठही तेच करतो. पोर आडवं जायला लागलं की त्याला तेवढाच उलटा, हलका रेटा देतो. म्हशीच्या हंबरण्याकडे लक्ष गेलं की पडद्यावर काहीतरी चमकतं, सरांचं एखादं शाबास येतं, एखादं सोपं गणित येतं. फार गोड असतं ते. पोराला रेटा कळतसुद्धा नाही. आणि त्याचं स्वतःचं गणित वाढू लागलं की रेटा आपोआप सैल होतो.

"हिच्या बाबतीत तो सैल झालाच नाही. गणित वाढत होतं ते तुमच्या बैठकींत. हिच्या बैठकींत पाटीला फक्त आडवं दिसायचं. तेव्हा तिनं हिशेब मांडला, की या पोरात जे चांगलं आहे ते गणिताकडे चाललंय, उरलेलं सगळं घालवायचं. आणि उरलेलं म्हणजे ही होती." डॉक्टरांनी डोळ्यांवर चष्मा शोधला, तो तिथं नव्हता. "तो रेट्याचा भाग लिहिणाऱ्यांत मीही होते. एका पाटीपुढं दोन माणसं बसतील, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

प्रांजली खुर्चीवरून उठून वत्सलापुढं गेली. "वच्छे, चंद्री कधी व्यायचीय गं? सांग की."

गेल्या वेळी याच पोरीनं म्हशीच्या पोटाला कान लावून, गुरांच्या डॉक्टरला खोटं पाडून, आज रात्री म्हणून सांगितलं होतं.

"तुला काय वाटतं?" वत्सला म्हणाली.

"माझं सोड. तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील तेव्हा," वत्सला म्हणाली आणि हसली. गुणी पोरीसारखं. गेलं वर्षभर प्रांजली शेजारणींना सांगत होती, पोर किती शहाणी झाली, आता उलटून बोलत नाही. तेच हसू होतं हे.

प्रांजलीनं टेबलाची कड धरली. "उलटा पाठ द्या मॅडम. काशीद सरांनी शिकवलंय, ऋण सदिश असतो. तेवढाच लांब, उलट्या दिशेचा. जेवढं पुसलं तेवढं उलट ढकला. मी बसते हिच्याजवळ. काय लागंल ते करते."

"शून्याला उलटं काय करणार, ताई? रेटा असलेला कल वळवतो, नसलेला आणत नाही."

बाहेर खिडकीतली मुलगी कुणाला तरी पुढच्या सोमवारी या म्हणून सांगत होती. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसल्या. आवाज खाली आला.

"दोन वाटा आहेत. जुळ्यांसाठी एक सोय असते, जोडबाण. दोघांचा मिळून एकच बाण, एकच जागा. मायलेकींना कुणी दिलेला नाही, पण कलमात जुळेच हवेत असं म्हटलेलं नाही. मी तुमची नोंद तशी करीन. मग दिशाभूल ठरत नाही. गणितशाळेत दोघी जाल, दोघी बसाल. ही हसतमुख राहील. पण तुम्ही असाल तोवर ही तुमच्या मागून येईल, आणि तुम्ही नसाल तेव्हा काय, ते मला माहीत नाही. दुसरी वाट म्हणजे पाटी बंद. दोघींचीही. ही गावी जाईल, गोठ्यात बसेल. कदाचित काहीतरी परत उगवेल. मी अजून कुणाचं उगवलेलं पाहिलेलं नाही. आणि एकदा बंद झालेला पाठ परत मिळत नाही."

प्रांजलीला पुण्याजवळची ती शाळा दिसली. फोटोत बघितलेलं लांब टेबल, खिडक्या, काळा फळा भिंतभर. त्या टेबलाशी पिठाचे हात न धुता बसलेली स्वतः दिसली. आपल्याला ते किती हवंय हे कळून तिला स्वतःचीच भीती वाटली.

"सही मी करायची का?" तिनं विचारलं.

"नाही. कायदा मुलांच्या बाजूचा आहे. ज्याचा बाण, त्याची इच्छा. मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं." डॉक्टर वळल्या. "वत्सला, तुला गणितशाळेत जायचंय का घरी?"

वत्सलानं आईकडे पाहिलं. नीट, शांतपणे, काशीद सरांच्या व्हिडिओकडे बघायची तसं. आईच्या कपाळावर काय हाललं, ओठ कुठं वळले, नजर दाराकडे गेली का पडद्याकडे.

प्रांजलीनं चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. जमेना. तिच्या चेहऱ्यावर तो भिंतभर काळा फळा होता, चंद्री होती, दारात कमरेवर हात ठेवून उभी पोर होती, आणि यातलं कुठलं पुढं येऊ द्यायचं, कुठलं नाही, ते तिच्या हातात नव्हतं. ती भिंतीकडे वळली. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वत्सला उठून वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. प्रांजली खिडकीकडे वळली. वत्सला तिथंही आली. घाई नाही, त्रागा नाही.

"माझ्याकडं बघू नको गं माय," प्रांजली म्हणाली. "तुला काय पायजे ते सांग. चुकलं तरी चालंल. मला शिव्या दे. पण तुझं सांग."

वत्सला थांबून राहिली.

शेवटी प्रांजलीनं दोन्ही तळहात उघडले आणि त्यांत आपलं तोंड पूर्ण झाकून घेतलं, की आता तरी पोरीला काही दिसू नये, आता तरी आतून काहीतरी यावं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा प्रांजलीनं बोटांच्या फटीतून हळूच पाहिलं.

वत्सला समोर उभी होती. तिनंही दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं होतं.