आईचा क

बोरजाईच्या शाळेत पहिलीचा तास सुरू झाला, की उताराखालच्या घरांत मांडणीवरची भांडी किणकिणू लागतात. गावात नव्याने आलेला माणूस भूकंप समजून अंगणात धावतो. गावकरी त्याला हातातलं काम न सोडता सांगतात, पोरं अक्षरं शिकताहेत, बसा.

त्या वर्गात बाक नाहीत. लाकडी जमीन आहे आणि तिच्यावर मुलं उड्या मारत, गिरक्या घेत, बसत-उठत लिहा-वाचायला शिकतात. 'क' म्हणजे उजवा हात वर, डाव्या पायावर गिरकी आणि धप. 'म' म्हणजे दोन पावलं मागे आणि एक उडी. सगळी बाराखडी झाली की मुलं घामाने निथळतात आणि डबे चाटूनपुसून खातात.

याला अंगपाठ म्हणतात. पूर्वी मुलं तोंडपाठ करायची, आता अंगाने पाठ करतात. सुरुवात अगदी साध्या कारणाने झाली. शाळेत बाकावर आणि घरी पडद्यासमोर बसून बसून मुलांची वजनं वाढली, पाठी वाकल्या, दहा वर्षांच्या पोरांना मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग दोन तासांच्या मध्ये मुलांना नाचवा, पळवा, असा नियम निघाला. शिक्षकांनी तो इतर नियमांसारखाच पाळला, म्हणजे साहेब येणार असतील त्या दिवशी. तेव्हा काही मेंदूशास्त्रज्ञ म्हणाले, की धडा थांबवून हालचाल कशाला, हालचालीतच धडा घाला. पाच ते सात या वयात आकृती, आवाज आणि हालचाल एका ठरावीक तालात एकत्र आली, तर मेंदू त्या तिन्हींची अशी गाठ मारतो की ती जन्मात सुटत नाही.

ती खरोखरच सुटली नाही. मुलं काटक झाली, शाळा बुडवायला कुरकुरू लागली. अंगपाठाची पहिली पिढी आता चाळिशीला आली आहे. ही माणसं वाचायला बसली की त्यांच्या पोटऱ्या बारीक थरथरतात. वाचनालयात टेबलाखाली डोकावलं तर सगळे पाय कुठेतरी निघाल्यासारखे दिसतात. याची आता कुणी दखलही घेत नाही.

आरोही शेलार याच पिढीतली, बोरजाईतच शिकलेली. ती पाट्या रंगवायची. छापील पाट्यांना लोक कंटाळले होते आणि हाताने काढलेल्या अक्षरांना पुन्हा मागणी आली होती. तालुक्यातली निम्मी दुकानं तिच्या अक्षरांखाली उघडत आणि बंद होत. मागच्या वर्षी एका मंगल कार्यालयाची पाटी रंगवताना शिडी सरकली आणि तिच्या मानेला मार बसला. जीव वाचला, पण मानेखालचं अंग गेलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर नवऱ्याने, सोहमने, तिची खाट खिडकीपाशी लावली. समोर किराणा दुकान होतं. त्यावरची पाटी तिनेच रंगवलेली होती. ती बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सोहम, तिथं काय लिवलंय रे?"

रंग ओळखू येत होता. रेषा कुठे जाड केली, कुठे बारीक, तेही आठवत होतं. फक्त ती अक्षरं होती हे तिला कळत नव्हतं.

डॉ. तन्वी लिमये पुण्याहून आल्या त्या यासाठीच. अंगपाठाच्या संशोधनात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं आणि अशी तक्रार त्यांनी प्रथमच ऐकली होती. त्यांनी आरोहीला तपासलं आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

"अक्षरं गेलेली नाहीत, आरोहीताई. सगळी डोक्यात आहेत."

"मग मला दिसत का न्हाईत?"

"तुम्ही 'क' पाहता तेव्हा मेंदू पायांना एक बारीकसा निरोप धाडतो. पाय काही नाचत नाहीत, पण स्नायू 'निरोप मिळाला' अशी पोच परत पाठवतात. ती पोच आली, की मेंदूची खात्री पटते, हा क. तुमचा निरोप मानेशीच अडतो. पोच येत नाही, म्हणून अक्षर उमटत नाही."

"मग नव्यानं शिकवा. बसून, जुन्या पद्धतीनं."

"ती जागा आधीच भरलेली आहे. तिच्यावर दुसरं काही बसत नाही. फोन वाचून दाखवेल हवं ते."

"फोन मस वाचतो," आरोही म्हणाली. "पण रमेला माझ्या तोंडून गोष्टीचं पुस्तक ऐकायचंय. पडायच्या आदल्या दिवशी मी तिला कबूल केलंवतं. मला तेवढं एक पुस्तक वाचायचंय, मॅडम."

रमा तिची मुलगी, सहाव्या वर्षात आलेली. जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. ते पुस्तक तिने आईच्या उशाशी ठेवलं होतं आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

डॉ. लिमयेंनी एक उपाय सुचवला. समोरच्या माणसाला ठेच लागली की आपण आपला पाय मागे घेतो. दुसऱ्याची हालचाल जवळून पाहिली की ती आपल्याही मेंदूत उमटते. तेव्हा कुणी आरोहीसमोर अक्षर करून दाखवलं, तर तिच्या मेंदूला स्वतःच्या पायांऐवजी त्याच्या पायांकडून पोच मिळेल. त्याला त्यांनी नाव दिलं उसनी पोच.

सोहमने पुस्तकातलं पहिलं अक्षर पाहिलं आणि खोलीच्या मधोमध गिरकी घेतली. तो नाशकात शिकलेला, कवायत स्वच्छ. आरोही पुस्तकाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी शिक्षण खात्यातला एक तरबेज शिक्षक आणला. त्याच्या हालचाली इतक्या अचूक होत्या की सोहमला आपली लाज वाटली. तरीही काही झालं नाही. पडद्यावर दाखवून पाहिलं, तर आरोहीचं नुसतं डोकं दुखलं.

दार उघडलं ते एका गुरुवारी, चहाच्या वेळेला. आरोहीची वर्गमैत्रीण स्वराली, जी गावचं दूध संकलन केंद्र चालवते, ती रोजच्यासारखी डोकावायला आली होती. खोलीत पसरलेली निराशा पाहून तिने विषय बदलायचा म्हणून पदर खोचला.

"आगं, आठवतंय का, गुर्जींनी आपल्याला पावसाळ्यात 'क' शिकवलावता? सगळी घसरून पडलीवती." आणि तिने जागच्या जागी गिरकी घेऊन धप करून दाखवलं.

पुस्तक आरोहीसमोर उघडंच होतं.

"क," आरोही म्हणाली.

मग स्वरालीने पुस्तकात पाहिलं आणि पुढचं अक्षर केलं, त्याच्या पुढचं केलं. ती चाळिशीची बाई धापा टाकत नाचत होती आणि आरोही वाचत होती. "का-व-ळा. कावळा, सोहम. कावळा लिवलंय."

डॉ. लिमयेंनी स्वरालीला तीच अक्षरं पुन्हा पुन्हा करायला लावली. त्यांना दिसलं ते इतकं बारीक होतं की आधी कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. डाव्या पायावर भार आला, की स्वराली किंचित खचायची, जणू तिथे जमीन बोटभर खाली गेली आहे. एरवी ती ताठ चालत होती. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

"तुमच्या गुरुजींचा डावा पाय दुखायचा का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघा. तरण्यापणी व्हॉलीबॉल खेळताना गेलावता. पर तुम्हास्नी कसं कळलं?"

मुलं सांगितलेलं थोडंच शिकतात, पाहिलेलं सगळं शिकतात. प्रशांत गुरुजींनी बोरजाईत पहिलीचे वर्ग वर्षानुवर्षं शिकवले आणि दुखऱ्या गुडघ्यासकट शिकवले. त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अक्षरांत तो गुडघा बसला होता. गावाबाहेरचा माणूस कितीही अचूक नाचला, तरी आरोहीच्या मेंदूसाठी ते दुसरंच कुठलं अक्षर होतं.

गुरुजींना लगेच बोलावणं गेलं. ऐंशी उलटलेला माणूस, पण तरातरा चालत आला. आरोहीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाळ, सगळी बाराखडी करतो, थांब." त्यांनी केली. आरोही बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

तेव्हा स्वरालीने कपाळाला हात लावला. वीस वर्षांपूर्वी याच विद्यार्थ्यांनी मिळून गुरुजींचा गुडघा बदलून दिला होता. गुरुजी आता नीट चालत होते, नीट नाचत होते.

गुरुजी आधी मोठ्याने हसले. मग खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझं दुखणं तुम्ही ठेवून घेतलंत होय रे पोरांनो," ते म्हणाले. "मला कधी बोलला नाहीत."

त्या दिवसापासून आरोहीच्या घरी संध्याकाळी गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी येऊ लागलं. ज्याला जमेल तो येई. गिरणीवाला आला की पीठ उडे. एसटीचा ड्रायव्हर सिद्धेश लठ्ठ होता, त्याची 'म'ची उडी बघून खिडकीबाहेर पोरं जमत. रमा आईच्या गळ्याशी डोकं टेकून बसे आणि आई तिला कावळ्याची गोष्ट वाचून दाखवी, नाचणाऱ्याच्या दमाने, थांबत थांबत.

"मॅडम," एकदा आरोही डॉक्टरांना म्हणाली, "आधी मी फुकटच वाचायची. आता एकेका अक्षराला कुणाचातरी घाम लागतोय. मला ह्या लोकांचे पाय धरावेसे वाटतात, पर हात हलत न्हाईत. तुमीच सांगा त्यास्नी."

डॉक्टरांनी सांगितलं. लोक लाजले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मग मे महिना आला आणि डॉक्टरांनी नको असलेला विषय काढला. बोरजाईला नव्या बाई येणार होत्या, खात्यात तयार झालेल्या. गुरुजींच्या जागी आजवर त्यांचेच जुने विद्यार्थी शिकवत आले होते, म्हणून तो गुडघा वर्गात टिकला होता. आता तो संपणार होता.

"रमा बाईंकडे शिकली, तर तिची अक्षरं स्वच्छ होतील," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे देव न करो तिला काही झालं, तर राज्यातला कुणीही माणूस नाचून तिला पोच देऊ शकेल. पण ती तुम्हाला पोच देऊ शकणार नाही. आणि तुमच्यासारखी शिकली, तर या गावातल्या थोड्या माणसांशी बांधली जाईल. तीही कमी होत जाणार."

"ह्यात इचारायचं काय?" आरोही म्हणाली. "तिला स्वच्छ शिकवा." आणि थोड्या वेळाने, "डोळ्यासमोर बघितलं तर ती उचलंल का?"

"या वयात उचलेल."

आरोहीने त्या दिवसापासून रमेला संध्याकाळी खोलीत येऊ दिलं नाही. गोष्ट अर्धीच राहिली. दाराबाहेर रमा रडायची ते तिला ऐकू यायचं आणि आत स्वराली नाचत असताना आरोही मुद्दाम वर्तमानपत्र वाचायची, ज्यात तिला काडीचा रस नव्हता.

दिवाळीच्या आधी डॉ. लिमये पुन्हा आल्या. रमा आता वाचू लागली होती. आईच्या खाटेशेजारी बसून तिने तेच पुस्तक उघडलं आणि उरलेली गोष्ट घडाघडा वाचायला लागली. सोहम कौतुकाने बघत होता, स्वराली दारात उभी होती. डॉक्टरांनी सवयीने मुलीच्या पोटऱ्यांवर तळवे ठेवले. उजवी थरथरली. डावी थरथरली आणि मग किंचित खचली.

त्यांनी दुसरं पान वाचायला लावलं. डावी पुन्हा खचली.

चेहरे वाचायला आरोहीला कुणाची पोच लागत नव्हती. "खरं सांगा, मॅडम."

"तिची अक्षरं तुमच्यासारखी आहेत."

"पर नव्या बाईंनी..."

"बाईंच्या आधीच गाठ बसली होती. पहिली बसते तीच राहते."

"मला बाईंचा क पण येतो," रमा म्हणाली. "पण त्यो बाईंचा. मला आईचा पायजे होता."

"तुला कुणी शिकवला गं?"

"सगळ्यांनी."

मग सगळं बाहेर आलं. आईने खोलीचं दार बंद करायला लावलं तेव्हा रमा गावात फिरली होती. गिरणीवाल्याला विचारलं, आईचा क कसा करायचा? त्याने गिरणी थांबवली आणि दाखवला. सिद्धेशने थांब्यावर प्रवाशांना ताटकळत ठेवून 'म' दाखवला. स्वराली दारात मान खाली घालून उभी होती. "मलाबी इचारलं. आईसाठी मागतीया म्हणल्यावर न्हाई कसं म्हणू, आरोही?"

आरोहीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोहमने ते पुसलं. "राग तरी कुणाचा धरू?" ती म्हणाली. "मायेपोटी दिलं समद्यांनी. माझ्या लेकीनं माझ्यासाठी मागून आणलं. एवढं कुणाला मिळतं, मॅडम?" ती खरोखर आनंदात होती आणि तितकीच घाबरलेली होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आम्ही सगळी गेल्यावर मग हिला कोण?"

डॉ. लिमयेंनी रमाच्या पोटऱ्यांवरचे हात काढून घेतले.

"रमे," आरोही म्हणाली, "वर्गात तुझ्याबिगर कुणाला येतो का गं हा क?" विचारताना तिच्या आवाजात आशा होती आणि तिची तिलाच शरम वाटली.

"पियूला येतो. मी उन्हाळ्यातच शिकवला. तिनं तिच्या भावाला शिकवला, त्यो अजून बालवाडीत हाय."

"त्यांना कशाला शिकवलास?"

रमाने पुस्तकाचं पान उलटलं. "मी पडले तर?"

मग आरोही म्हणाली, "उद्या पियूला घरी घेऊन ये. आणि तिच्या भावाला. लाडू द्यायचेत त्यास्नी."

सकाळी डॉ. लिमये परत निघाल्या. पियूच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. खात्याला कळवलं असतं, तर निदान बालवाडीतल्या मुलांना हा क लागण्याआधी थांबवता आलं असतं. त्यांनी फोन बाहेर काढला होता. तेवढ्यात वर शाळेत पहिलीचा तास सुरू झाला. नव्या बाईंच्या तालावर सगळा वर्ग एकदम आपटला आणि उताराखालच्या घरांतली भांडी किणकिणली. त्यापाठोपाठ, जरा खचून, दोन डाव्या पायांचा आवाज आला.

डॉ. लिमयेंनी फोन पिशवीत ठेवला आणि आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला चल म्हणून सांगितलं.