सहा बाटल्यांचं निमित्त

ऑड्राच्या गाडीचं मागचं चाक चिखलात रुतलं, तेव्हा डोंगरावरून जे उतरत होतं त्याला पाऊस म्हणवत नव्हतं आणि धुकंही म्हणवत नव्हतं. द्राक्षवेलींच्या ओळींमधून मोहरी फुलली होती, आणि त्या ओल्या पिवळ्या रंगातून एक माणूस सावकाश चालत येत होता. हातात छाटणीची कात्री, डोक्यावर भिजलेली टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"फाटक चुकलात," तो म्हणाला. "बर्नासकोनींचं पुढचं."

"पण पाटी कुठंय?"

"पाटी नाहीच. यादीतल्या लोकांना ठाऊक असतं, आणि बाकीच्यांना सांगायचं नसतं."

तिला हसू आलं. तो आणखी काही न बोलता गाडीच्या मागे गेला आणि त्यानं खांदा लावला. ऑड्राला ओशाळं वाटलं की ती फार बोलायची, तशी ती खिडकीतून मान बाहेर काढून बोलत सुटली. ती सॅन फ्रान्सिस्कोहून आली होती. चार श्रीमंत घरांची वाईनखरेदी सांभाळणं हे तिचं काम. कुठल्या वायनरीचं पत्र कधी येतं, कुणाच्या वाट्याला किती बाटल्या, पैसे भरायची शेवटची तारीख कुठली, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कारण या छोट्या वायनऱ्या दुकानात माल ठेवत नाहीत, आपल्या यादीतल्या लोकांनाच विकतात, आणि एकदा तारीख चुकली की नाव कटलं म्हणून समजा. आज ती मिसेस टॅलबट यांच्या बाटल्या न्यायला आली होती, कारण घरी सही करायला कुणी नाही म्हणून कुरिअरवाल्यानं खोकं दोनदा परत नेलं होतं. मिसेस टॅलबट एक्क्याऐंशी वर्षांच्या. नवरा वारला आणि मागे अकरा याद्या ठेवून गेला. आता त्यांनी ऑड्राला सांगितलं होतं, की अकरातल्या चारच ठेव, बाकीच्या वगळ.

"बर्नासकोनींची वगळणार आहे मी," ऑड्रा म्हणाली. "वाईन सुरेख आहे, पण पंधरा वर्षं तळघरात पडल्याशिवाय उलगडत नाही. आणि ती पत्रं! 'यंदा धुक्याला आमच्या वेलींचा पदर सोडवेना...' कोण लिहितं हो असलं? शहरातली एखादी जाहिरात कंपनी असणार."

मागे त्यानं चिखलात पाय पुन्हा रोवले.

"आता हळूच दाबा," तो म्हणाला, आणि गाडी एका हिसक्यात बाहेर आली.

अर्ध्या तासानं ती वायनरीच्या शेडमध्ये रांगेत उभी होती. ओल्या लाकडाचा आणि पिंपांचा आंबूस वास भरून राहिला होता. तिचा नंबर आला, आणि टेबलापलीकडे तोच होता! तोंड धुतलेलं, टोपी मात्र तीच.

"टॅलबट," तो म्हणाला. यादीत नाव शोधायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. "सहा बाटल्या. इथे सही करा. मी जोएल बर्नासकोनी. पत्रं मीच लिहितो."

ऑड्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी... ते कंपनीचं जे म्हणाले..."

"पदराचं वाक्य मलाही नंतर जडच वाटलं होतं." मग त्यानं नजर वर केली. त्याचे डोळे करडे होते, आणि त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. "आणि पंधरा नाही, बारा वर्षं. पण तुमच्या बाईंच्या वयाला बाराही जास्तच. वगळते म्हणताय ते बरोबर आहे."

पाच वर्षं ती हे काम करत होती. 'माझी वाईन घेऊ नका' असं तोंडावर सांगणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

त्या आठवड्यात तिनं चार नावांची यादी केली. तीन नावं सहज लिहिली. चौथ्यापाशी ती थांबली, खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग तिनं बर्नासकोनी लिहिलं. पत्रं वाचायला बरी असतात, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि मिसेस टॅलबट यांनाही तेच सांगितलं.

मग फोन सुरू झाले. पहिले दोन खरोखरच कामाचे होते. पुढच्या फोनांना काम शोधावं लागायचं. आठ सालची बाटली कधी उघडावी, बुचाला बुरशी आली तर काय करावं... त्याला उत्तरं ठाऊक असायची आणि तिलाही असायची, तरी दोघं विचारत आणि सांगत राहायचे. त्याच्या आजोबांनी लावलेली चार एकर बाग, यादीत साडेतीनशे घरं आणि बाहेर रांगेत त्याच्या दुप्पट माणसं. बोलताना मागे कधी पक्षी ऐकू यायचे, कधी नुसताच वारा. ऑड्रा शहरातल्या चौथ्या मजल्यावर डोळे मिटून तो वारा ऐकायची.

एकदा तो म्हणाला, की तुमचं स्वतःचं नाव यादीत घालून टाकू का? ती म्हणाली, लोक सात-सात वर्षं थांबलेत, मी मधे घुसणार नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "हो म्हणाला असतात तर मला वाईट वाटलं असतं."

"मग विचारलंत कशाला?"

"फोन ठेवायचा नव्हता म्हणून."

सप्टेंबरच्या पत्रात अखेरीला एक नवीनच ओळ होती. यंदा बाटल्या घरपोच पाठवल्या जाणार नाहीत, ज्यांनी त्यांनी येऊन न्याव्यात. यादीतल्या बाकीच्या लोकांत कुरकुर झाली. ती स्वतः मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

ऑक्टोबरात ती गेली तेव्हा पानं तांबडी झाली होती आणि सगळ्या डोंगराला आंबलेल्या रसाचा वास होता. जोएलचे हात मनगटापर्यंत जांभळे. त्यानं तिला उघड्या पिंपापाशी नेलं आणि हात घालून बघा म्हणाला. वर तरंगणाऱ्या सालींखाली रस कोमट होता, आतून हळूहळू खदखदत होता, एखाद्या झोपलेल्या प्राण्याच्या पोटासारखा.

"जिवंत आहे," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तर रोज भेटावं लागतं त्याला."

तिचा हात रसात होता आणि त्याचाही. बोटांना बोटं लागली, की लागली असं वाटलं... तेवढ्यात बाहेर कुणाची तरी गाडी आली आणि तो खोकी उचलायला गेला. परतीच्या वाटेवर स्टिअरिंगवरचा आपला जांभळा हात ती बघत राहिली. दोन दिवस तो रंग गेला नाही, आणि तिनंही तो घालवायचा फारसा प्रयत्न केला नाही.

पण फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा तिला टोचायला लागलं. मिसेस टॅलबट तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायच्या. आणि ती त्यांच्या पैशांनी, त्यांना कधी प्यायला मिळणार नाही अशी वाईन विकत घेत होती. कशासाठी, तर वर्षातून दोनदा डोंगर चढता यावा म्हणून! ती पत्र घेऊन त्यांच्याकडे गेली. खिडकीतून खाडी दिसत होती. मिसेस टॅलबट चहात लिंबू पिळत होत्या. ऑड्रानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ही यादी गेल्या वर्षीच वगळायला हवी होती, पत्रांचं कारण खोटं होतं, चूक माझी, हवं तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

म्हाताऱ्या बाईंनी चमचा बशीत ठेवला.

"पोरी, मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. चिखलाचे बूट घालून आलीस आणि माझ्या गालिच्यावर उभी राहून तासभर त्या माणसाबद्दल बोललीस. वाईनबद्दल एक अक्षर नाही."

"मग... तुम्ही घेतलीत कशी?"

"हॅरल्डनं मला भेटता यावं म्हणून सहा महिने माझ्याकडे व्हायोलिनची शिकवणी लावली होती. त्याला सूर म्हणजे काय ते कळत नव्हतं. भिंती हादरायच्या." त्या खाडीकडे बघून हसल्या. "त्या मानानं सहा बाटल्या काहीच नाहीत. पण आता वगळ. आणि तूच जाऊन सांग त्याला. या खेपेला माझं खोकं आणायचं नाही."

यादीतून बाहेर पडायला कुणी कुठे जात नाही. तारीख उलटू द्यायची की झालं. ऑड्रा मात्र दोन तास गाडी चालवत गेली. सकाळ लख्ख होती, ओळींमधून मोहरी वाऱ्यावर डुलत होती, आणि घाट चढताना तिनं पाठ केलेली सगळी वाक्यं एकेक करून गळून पडली.

जोएल वरच्या ओळीत छाटणी करत होता. तिला बघून त्याची कात्री थांबली.

"अजून बाटल्या द्यायला वेळ आहे," तो म्हणाला.

"टॅलबटांचं नाव काढा. त्या जागी रांगेतला पुढचा माणूस घ्या."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे आता तुम्ही... येणार नाही."

"बाटल्या न्यायला नाही." तिनं श्वास घेतला. "बाईंना मी ती वाईन घ्यायला लावली, जोएल. कारण माझं होतं, त्यांचं नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं मी. त्यांना सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते आहे."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून हसू फुटायला लागलं आणि त्याला ते आवरेना.

"साडेतीनशे लोकांना मी डोंगर चढायला लावला," तो म्हणाला. "कुरिअरवाला यायला तयार होता. मीच नको म्हणालो. वीस-बावीस जणांनी शिव्या घातल्या. एक म्हातारा डेन्व्हरहून विमानानं आला."

"पण कशाला?"

"तुम्ही यावं म्हणून."

ऑड्राला हसावं की रडावं कळेना. "डेन्व्हरच्या म्हाताऱ्याला काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, मग पोरगी आली का? आली म्हटल्यावर पाठीवर थाप मारून गेला."

ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. "जोएल, तू... फार वेडा आहेस."

'तू' तिच्या तोंडून आपसूक गेलं. दोघांनाही ते ऐकू आलं. तो जवळ आला, मधे वेलीची एक उघडी फांदी होती, ती त्यानं हलकेच बाजूला धरली.

"मी काही मागायला हवं, नाही का?" तो म्हणाला. "पत्रात असतं तर छान लिहिलं असतं."

"नको. पदरबिदर येईल त्यात."

"बरं. मग... राहशील? आज. आणि मग उद्याचं उद्या विचारीन."

ती राहीन म्हणाली. त्यानं दुसरी कात्री खिशातून काढून तिच्या हातात दिली आणि मागे उभं राहून तिचा हात धरून दाखवू लागला. जुनी काडी कुठली, नवी कुठली, कुठे तिरका काप द्यायचा.

"दोन डोळे राखायचे, वरचं सगळं काढायचं."

"कुठले दोन डोळे?"

तो वेलीकडे बघतच नव्हता. "हे," तो म्हणाला.

"जोएल, काडीवरचे."

"हां, काडीवरचे..."

तिनं कात्री चालवली. काप वेडावाकडा झाला, आणि तो म्हणाला की चालेल, वेल सावरून घेते. ऊन वर आलं, धुकं खालच्या दरीत विरून गेलं. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं अजून पहिल्याच ओळीत होती, आणि ओळ संपवायची घाई कुणालाच नव्हती.