मामा, बाहेर ये

पटो न पटो, हे माझ्यासमोर घडलंय. रात्री-बिरात्री नाही... शुक्रवारी, भर दुपारी अडीच वाजता, आमच्या डबिंग स्टुडिओत.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. माझा सख्खा मामा डबिंग आर्टिस्ट. सिनेमा ख्रिस्ती धर्मग्रंथावरचा होता. चार दिवस थडग्यात पडलेला माणूस येशूच्या हाकेने उठून येतो, त्या माणसाचा आवाज मामाचा.

हाक दोनच शब्दांची. "बाहेर ये!"

मामा काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर, मी अलीकडे. टेक ओके झाला की मी बटण दाबून म्हणायचो, "मामा, बाहेर ये." त्याचं ठरलेलं उत्तर, "सुटलो बाबा एकदाचा!" वीस वर्षं हेच.

सगळं झालं होतं. उठल्यावरचा पहिला श्वास तेवढा राहिला होता, आणि सोमवारी मामाच गेला.

मामीने एकच मागितलं. "फार दमला होता रे. आता तरी त्याला कामाला जुंपू नका."

मी शब्द दिला.

शुक्रवारी, चार दिवसांनी, निर्माता आला. सँडविच चावत म्हणाला, "जुन्या टेकमध्ये त्याचा खोकला असेल ना? त्यातून श्वास काढ. मेलेल्याला मेलेल्याचाच श्वास. एकदम ओरिजिनल!" आणि खिदळला. अंड्याचे कण माझ्या टेबलावर उडाले.

शी! किळस आली मला त्याची. पण मी मूग गिळून गप्प बसलो, त्याची जास्त आली.

खोकला कापला, घासला, जोडला. हुबेहूब मामा. निर्माता खूश होऊन गेला.

आणि माझा हात सवयीने बटणावर गेला...

"ओके. मामा, बाहेर ये."

मी जीभ चावली. पण शब्द गेले होते.

काचेपलीकडे कोणी नव्हतं. माइक मात्र चालू होता...

मीटरची हिरवी पट्टी हलली.

हेडफोनमध्ये ओलं कापड फरशीवरून ओढल्यासारखा आवाज आला... दाराकडे सरकत.

मग वास आला.

बंद पडलेल्या फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेल्या मटणासारखा. गोडसर. घशाला चिकटणारा. मी कचऱ्याच्या डब्यात भडाभडा ओकलो.

दाराचं हँडल खाली गेलं... दार उघडलं. कोणीच नाही. फक्त वास माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबला.

"सुटलो" नाही म्हणाला तो. दमलेल्या आवाजात, अगदी कानाशी, एवढंच...

"अजून एक टेक?"

ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्राखेत्रा पाहिल्या, त्याच्यापासून मी नाक दाबून पळालो. लाज वाटते, पण खरं ते सांगतो.

संध्याकाळी मामीचा फोन. "अरे, घरात उंदीर मेलाय बहुतेक. सगळं उपसलं. वास तुझ्या मामाच्या खुर्चीपाशीच येतोय बघ."



सिनेमा लागून गेला. त्या श्वासाला टाळ्या पडल्या म्हणे. मी पाहिलेला नाही. मामी अजून ती खुर्ची फिनेलने पुसते, आणि मला विचारते, "त्याचं काम संपलं होतं ना रे?" मी "हो" म्हणतो.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी स्टुडिओत येतो, बटण दाबतो... आणि अडतो. वीस वर्षं मी त्याला बाहेरच बोलावलंय. आता "परत जा" कोणत्या तोंडाने म्हणू?