दादाच्या गोळ्या

औषधशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे मात्राबाई म्हणत. कुठल्याही औषधाचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मात्रा?" दरवर्षी पहिल्या तासाला त्या सांगत, औषध शरीराचं काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, एवढाच हा विषय. जे शरीरात गेलं नाही ते रक्तात येत नाही, आणि जे रक्तात आलं नाही त्याचा गुण नाही की दोष नाही. "बाकी सगळ्या गप्पा," म्हणून त्या खडू ठेवून देत.

घरी त्यांचा थोरला भाऊ होता. दादाने शिवणयंत्रावर मान मोडून बहिणीला शिकवलं आणि त्या नादात स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. शिडीवरून पडून त्याचा मणका मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो मागच्या खोलीत खिडकीशी पडून असे. सर्जनने जालीम गोळ्या दिल्या होत्या, अफूच्या जातीच्या. जखम भरली, एक्स-रे चांगला आला, तरी दुपार झाली की दादाचे डोळे दाराकडे लागत. गोळीला उशीर झाला की तो चादर मुठीत धरून ठेवी. बोलत काही नसे.

बाईंनी मनाशी निदान केलं. दुखणं गेलंय, सवय तेवढी उरलीय. सर्जनला विचारलं नाही, दादाला तर नाहीच नाही. कॉलेजात प्रयोगासाठी दुधाच्या साखरेच्या गोळ्या असत, दिसायला हुबेहूब, आत औषधाचा कणही नसलेल्या. त्या त्यांनी एका बाटलीत भरून आणल्या आणि खरी पाकिटं आपल्या कपाटात कुलपात ठेवली.

दादाने तळहात पुढे केला, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला.

"तू आहेस म्हणून निभावतंय गं," तो म्हणाला.

बाई उगाचच पडदा सारखा करत राहिल्या.

तो शांत झोपला. यात नवल नव्हतं. विश्वासाने घेतलेली पोकळ गोळीही दुखणं शमवते, हे त्या स्वतःच शिकवत. आपला अंदाज बरोबर निघाला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

नवल पुढे सुरू झालं. दादाचं अंग खाजू लागलं. पोट साफ होईना. खोलीत अंधारून आलं तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्याच राहत. विश्वासाने दुखणं थांबतं. बाहुल्या अशा आवळत नाहीत. ही खऱ्या औषधाची लक्षणं होती.

हा चोरून कुठून तरी गोळ्या मिळवतोय, असं बाईंच्या मनात आलं. आंघोळ घालायला येणारा माणूस त्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेला तेव्हा त्यांनी गादी उलटली, उशांचे अभ्रे काढले, त्याच्या सुयांच्या डबीतसुद्धा बोटं घातली. काही मिळालं नाही. अभ्रे परत चढवताना त्यांना स्वतःचे हात बघवेनात. लहानपणी याच माणसाने त्यांचे फ्रॉक शिवले होते.

मग साधी तपासणी म्हणून त्यांनी त्याचं रक्त घेतलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिलं, नाव न घालता. तंत्रज्ञ बाईंच्या हाताखाली शिकलेला. अहवाल देताना तो म्हणाला, "पेशंटची मात्रा अगदी नेमकी बसलीय, बाई. कोण देतंय?"

बाईंनी अहवालाची घडी करून पर्समध्ये टाकली.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. कुलूप शाबूत होतं. पाकिटंही शाबूत, चंदेरी कागदावर साधा ओरखडा नाही. त्यांनी एका गोळीवर अंगठा टेकवला, आणि तो आत गेला. प्लॅस्टिकचा फुगा रिकामा होता. शेजारचाही रिकामा. अर्ध्या पाकिटापुढे मात्र गोळ्या जागच्या जागी, टणक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला साखरेची गोळी दिली आणि थेट कपाटाशी आल्या. आणखी एक फुगा दबला.

त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"दादा, मी तुला खोट्या गोळ्या देत होते."

त्याने खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. जिभेवर गोड लागली."

"मग घेतलीस कशाला?"

"तुला वाटलं, मला दुखत नाही. म्हटलं, हिला वाटतंय तर तसंच असू दे."

रागाने बोलला असता तर सोसलं असतं. त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाटली त्यांनी मोरीत रिकामी केली. दुखलं की खरी गोळी मागून घे, असं त्याला बजावून सांगितलं. त्याने एकदाही मागितली नाही. कपाटातले फुगे मात्र एकेक करून रिकामे होतच राहिले, आणि एके दिवशी सगळी पाकिटं संपली.

आता दुखेल, म्हणून बाई कॉलेजातून रजा घेऊन बसल्या.

दुखलं नाही.

दादा उठून बसला. भिंतीला धरून उभा राहिला. मग भिंतही सोडली. सर्जनने पाठ थोपटली.

एका सकाळी बाई स्वयंपाकघरात आल्या तर दादा चहा करत होता. "बैस," तो म्हणाला, "आज माझ्या हातचा."

त्या टेबलाशी बसल्या. चहा उतू जायला आला. दादाने गॅस बंद केला आणि पातेलं उचललं. दोन्ही हातांनी, फडक्याशिवाय, धातूला तळवे लावून. सावकाश, एक थेंब न सांडता त्याने कप भरला.

त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

बाईंनी श्वास रोखला. आपले तळवे टेबलाखाली नेले आणि थंड फरशीवर दाबावेत तसे गुडघ्यांवर दाबले. ते भाजत होते.

त्यांनी वर पाहिलं नाही. आवाज काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

"चांगला झालाय?" दादाने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"अजून थोडा घेशील?" म्हणत त्याने पातेल्याकडे हात नेला, आणि बाई हो म्हणाल्या.