अडकलेला आकडा

सरोवरकाठच्या खोलीतला पाण्याची पातळी दाखवणारा आकडा अकरा दिवस जागचा हलला नव्हता. तो हलवायला तिघे जण डोंगर चढत होते. आठवडाभर कडक ऊन पडलं होतं, वर बर्फ वितळत होता, आणि आकडा मात्र ढिम्म! तो तांबड्या रेघेवर चढला की खालच्या वस्तीत आपोआप भोंगा वाजायचा आणि माणसं घरं सोडून टेकडीवर जायची. नदीकाठी तीनशे घरं होती. आकडा खोटं बोलत असेल, तर त्या घरांना पाणी उंबऱ्यात आल्यावरच कळणार होतं.

सर्वांत पुढे होता दादा, दोर खांद्यावर घेऊन. शेवटी पाणीखात्याचे साहेब. आणि मधे दादाची धाकटी बहीण, पाठीवर हत्यारांची पिशवी. ती यंत्रं दुरुस्त करायची. हे जुनं यंत्र तिने तीनदा टेबलावर उलगडलं होतं, आणि त्याची नस न नस जाणणारं दुसरं कुणी जवळपास नव्हतं. नदीकाठच्या तीनशेतलं एक घर त्यांच्या आईचं होतं.

पण गेल्या वर्षी ती याच वाटेवरून परत फिरली होती. कड्याशी पोचताच छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. मग देखभालीचं काम साहेबांनी स्वतःच उरकलं होतं, आणि ते अजून सगळ्यांना सांगत होते.

"यंदा जमेल ना?" बर्फाळ ओढा कमरेएवढ्या पाण्यातून पार केल्यावर त्यांनी विचारलं. "नाहीतर मी आहेच."

"तुम्ही आहात म्हणून तर जातेय," ती बूट पिळत म्हणाली. दादा हसला, साहेबांना काही कळलं नाही.

दुपारी कडा आला. त्याच्या पोटातून हातभर रुंदीची वाट गेली होती. पन्नास पावलं, डावीकडे ओला खडक आणि उजवीकडे नुसतं धुकं. दादाने पलीकडे जाऊन दोर पक्का केला, तिने कमरेची कडी त्यात अडकवली आणि निघाली.

विसाव्या पावलाला ती आली! तीच गेल्या वर्षीची भीती. गुडघ्यांतलं बळ गेलं, कानात गोंगाट सुरू झाला.

गेल्या वर्षीच्या फजितीनंतर ती डॉक्टरांकडे गेली होती, आणि त्यांनी सांगितलेली वाक्यं तिला पाठ होती. मी सुरक्षित आहे. सारं ठीक आहे. तिने ती घोकली. मन म्हणालं, कुठे सुरक्षित? खाली बघ जरा! वाक्य आपल्याला पटेल असंच निवडायचं, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते ती साफ विसरली होती.

"शांत हो गं!" दादा पलीकडून ओरडला. "समुद्राचा विचार कर!"

"समुद्रपण खोलच असतो ना!"

"परत फिरा," मागून साहेब म्हणाले. "उगाच हट्ट नको."

आता मात्र तिला राग आला. साहेबांचा आला, समुद्राचा आला आणि सगळ्यांत जास्त आपल्याच थरथरत्या गुडघ्यांचा आला. तिच्या कारखान्यात एक रिवाज होता. बंद यंत्र उघडलं की आधी बिघाडाकडे बघायचं नाही. काय काय चालू आहे, ते एकेक हात लावून मोठ्याने म्हणायचं. मग उरेल तो बिघाड. आज ती स्वतःच टेबलावर होती.

"दोर, शाबूत!" ती ओरडली. "कडी, बंद! डावा पाय, टेकलेला! उजवा पाय, टेकलेला! छाती..." ती थांबली. "छाती, जोरात चालू! पण चालू!"

"काय बडबडताय?"

"तपासणी चाललीय, साहेब! मधे बोलू नका!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे मनाला उलटून बोलायला जागाच मिळेना. एक पाऊल पडलं. मग दुसरं. तिसरं. तीस. पस्तीस.

खाड्! पायाखालचा दगड निखळला. ती घसरली. दोर ताणला गेला. उजवा पाय धुक्यात लोंबकळू लागला.

"उजवा पाय, बाद!" ती किंचाळली. "बाकी सगळं चालू! ओढ, दादा!"

दादाने ओढलं. तिने कोपर खडकावर रोवलं, गुडघा वर घेतला आणि उरलेली वाट चार पायांवर पार केली. पलीकडे पोचून ती ढसाढसा रडली, आणि नाक पुसून लगेच उठली. मागोमाग साहेबही दोर धरून आले.

खोलीच्या पायरीला पाणी लागलं होतं. आत, तरंगणाऱ्या डब्याची तार ज्या चाकावरून आकड्याकडे जायची, ते चाक पिवळ्या थराखाली गच्च बसलं होतं. तिने नखाने थर खरवडला.

"हे कुणी लावलं?"

"मीच," साहेब पुटपुटले. "चाक छान फिरावं म्हणून. मोटारीचं ग्रीस."

"गारठ्यात त्याची मेणबत्ती होते, साहेब! वर्षभर कचरा धरत गेलं आणि शेवटी चाक बसलं."

तिने पिशवी उघडली. रॉकेलची चिंधी फिरवली, दात्यांत सुई घालून कचरा काढला, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. चाक कुरकुरलं. मग गर्रकन फिरलं! आकडा चढला, तांबडी रेघ ओलांडून वर गेला, आणि खोऱ्यातून भोंग्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने साहेबांचा वायरलेस खरखरला. "लोक टेकडीवर निघालेत. त्या भावंडांना सांगा, त्यांच्या आई सगळ्यांच्या पुढे आहेत, कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन. रस्ता अडवणाऱ्यांना शिव्या देतायत."

साहेबांनी टोपी काढली. "वस्तीत जाऊन सांगतो, चूक माझी होती," ते म्हणाले. तिने हत्यारं पिशवीत भरली. पाणी आता खोलीच्या उंबऱ्याशी आलं होतं.

दारातून तो कडा दिसत होता. ती उंबऱ्यातच थबकली. दादाने ते पाहिलं.

"जरा बस," तो म्हणाला. "शांत झालीस की निघू."

"मग इथेच म्हातारे होऊ आपण," ती म्हणाली. "जाम घाबरलेय मी. दोर बांध."