काळ्या पत्र्यावरचा तळहात

खरं सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

हंट्सव्हिल, अलाबामा. १९९८च्या ऑक्टोबरातला मंगळवार, भर दुपारचे दोन. आमच्या प्रयोगशाळेत मात्र कायम अंधार.

कॉम्प्युटरच्या एलसीडी स्क्रीनमध्ये फेरफार करून आम्ही त्यावर उष्णतेची चित्रं काढायचो. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्याला मात्र समोर तापलेलं विमान दिसायचं. काही न उडवता त्याची परीक्षा व्हायची.

एकच खोट होती. नवं चित्र आलं तरी जुनं पुसट रेंगाळायचं.

"पोरा, शिळं विमान बघून कॅमेरा पास होईल," मला काम शिकवणारा म्हातारा व्हर्लन बजावायचा. "उद्या वैमानिकांच्या जिवावर बेतेल. सही करू नकोस."

व्हर्लन ऑगस्टमध्ये वारला.

आणि स्क्रीन निर्दोष असल्याच्या दाखल्यावर मी सही केली नाही तर कंत्राट जाऊन आम्हा अकरा जणांच्या नोकऱ्या जाणार होत्या.

"होलिस, त्या कागदाशी लग्न लावतोयस का? कर की सही!" माझ्यासोबत काम करणारी डार्लीन म्हणाली. हसत होती, पण पेन माझ्यापुढे सरकवत होती. दोन पोरं कॉलेजात, नवरा घरी बसलेला.

काम सुरू करण्याआधी आमचा एक नेम होता, व्हर्लननंच घालून दिलेला. डावा तळहात कॅमेऱ्यासमोरच्या काळ्या पत्र्यावर दाबायचा. कॅमेऱ्यात त्याची ऊब उमटायची, अर्ध्या मिनिटात विरायची. म्हणजे कॅमेरा ठीक.

मी हात दाबला. पंजा उमटला. विरला.

आणि मग...

दुसरा उमटला.

चारच बोटं. करंगळी नाही.

व्हर्लनची करंगळी तरुणपणीच करवतीत गेली होती.

"होलिस... तुझा हात कुठंय?"

"खिशात."

जुनं चित्र रेंगाळलं असेल म्हणून डार्लीननं आमच्या त्या एलसीडी स्क्रीनची वायर उपटली. कॅमेऱ्यात पंजा तसाच. एक मिनिट... पाच मिनिटं...

मी पत्र्याला बोट लावलं.

थंडगार.

व्हर्लन काय सांगतोय ते मला कळत होतं. पण डार्लीन रडत होती.

मी सही केली.

त्याच क्षणी पंजा नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणे हात दाबला. कॅमेऱ्यात चारच बोटं उमटली. मी हात डोळ्यांसमोर धरला. पाचही जागेवर होती.

डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. पण करंगळी तेव्हापासून गारच आहे.

आजही कुठं विमान पडल्याची बातमी लागली, की मी ती करंगळी दुसऱ्या मुठीत घट्ट आवळून धरतो.

ऊब येत नाही.