माल्टाचा बेत

रविवारी सकाळी दहा वाजता दिव्यानी गेडामच्या ऑफिसचं दार ढकलून पन्नाशीची एक बाई आत आली. उभ्याउभ्याच तिने ओढणीने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "माहा पासपोर्ट घरातल्याच कोनीतरी चोरला. मले फक्त नाव पाहिजे."

"बसा आधी, चाची," दिव्यानी म्हणाली. "भाऊ, पाणी द्या."

गुणवंतराव उरकुडे माठाकडे वळले. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते दिव्यानीसोबत काम करत होते. दिव्यानीने आधी विम्याचे खोटे दावे शोधून काढण्याची नोकरी केली होती; आता जटपुरा गेटजवळ तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. विचार ती करते आणि आपण लिहून घेतो, असं गुणवंतराव स्वतःच सांगत.

बाईचं नाव खैरुन. नवरा बाबूभाई, घुटकाळा वॉर्डात कूलरचा कारखाना. मुलगा मुबीन बापाच्या हाताखाली. सून अंजुम घर सांभाळते. मुलगी झोया नर्स, तीन वर्षांपूर्वी माल्टाला गेलेली.

"माल्टा म्हंजे?" गुणवंतरावांचं पेन थांबलं.

"भूमध्य समुद्रातलं बेट. इटलीच्या खाली." खैरुनच्या आवाजात आता शिकवणाऱ्या बाईचा ठसका आला. "तीस वर्सं झाले लग्नाले. एकाही उन्हाळ्यात मी चंद्रपूर सोडलं नाई. कूलरवाल्याची बायको उन्हाळ्यात कुठी जाईल? झोया म्हनाली, अम्मी, एक उन्हाळा इथी काढ. सालभर तयारी केली मी."

तिने पिशवीतून मोठी वही काढली. पहिल्या पानावर बेटाचा नकाशा चिकटवलेला. पुढे एकेका दिवसाचा बेत. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी बोटीने शेजारचं छोटं बेट, तिसऱ्या दिवशी 'झोयाचं हॉस्पिटल, बाहेरूनच पाहू'. एका पानावर तिकडचे शब्द होते: समुद्र म्हणजे बाहर, सूर्य म्हणजे शेम्श, या बसा म्हणजे मर्हबा.

"आपल्या उर्दूसारखेच शब्द हायेत," खैरुन म्हणाली. "मी तिथी परकी नसती वाटली."

"पासपोर्ट केव्हा गेला?"

"मागच्या सोमवारी. सकाळी कपाटात पाह्यला, संध्याकाळी नाई. कपाटाले कुलूप होतं. चाबी मी आंघोळीले जाताना दारामागच्या खिळ्याले लावते, ते घरात सगळ्याईले मालूम हाय. येत्या गुरुवारी मुंबईले व्हिसासाठी बोटाचे ठसे द्याचे हायेत."

"आणखी काही गेलं?"

"वहीतलं एक पान." तिने फाटलेली कड दाखवली. "झोयाच्या हॉस्पिटलचं नाव, पत्ता, मेल. व्हिसाले तिथलं पत्र लागते. पाठवते, पाठवते म्हनत होती. मागच्या रविवारी मी तिले सांगतलं, तुले टाइम नाई तर अंजुम सीधा हॉस्पिटलले मेल करते, मंगळवारी."

"मग पत्ता तिला पुन्हा मागितला का?"

"मागतला ना, मेसेज करून. तिनं लिवलं, पासपोर्टच नाई तर पत्र काऊन पाह्यजे आता?"

"ती फोन केव्हा करते?"

"रविवारी, दुपारी चारले. हप्त्याच्या मधात नाई जमत तिले. ऑपरेशन थेटरात हाय ना. ड्युटी दर हप्त्याले बदलते, कधी दिवस, कधी रात."

दिव्यानीने मान हलवली. "तुमचा संशय कोणावर?"

"अंजुमवर," खैरुन ताडकन म्हणाली. "मी गेली तर सात कारागिरांचा सैपाक तिच्यावर. मी तिले तोंडावर बोलली. आज संध्याकाळच्या बसनं ते सावली गावाले, माहेरी चालली."

*

बारा वाजता दिव्यानी आणि गुणवंतराव घुटकाळ्यात पोचले. पुढे कारखाना, मागे घर. पत्रे ठोकण्याचा आवाज चालू होता. खैरुनने त्यांना थेट आपल्या खोलीत नेलं आणि पंखा सुरू केला. खिडकीतला कूलरही घरघरायला लागला.

गुणवंतराव मोठ्या आशेने कूलरसमोर जाऊन बसले आणि लगेच मागे सरकले. "अरे बाप रे! हे तर भट्टी हाय."

"सहा दिवस झाले पंप बंद पडून," खैरुन म्हणाली. "झोयाचे अब्बू म्हनते, सीझनमदी घरचं कोन पाहील. रातभर भाजून निघतो दोघंही."

"ताटी तर नवीकोरी दिसते," गुणवंतराव कूलरच्या बाजूच्या खसाच्या जाळीवर हात फिरवत म्हणाले. "खस कशी पिवळीधम्म हाय. पानी पडलं असतं तर काय वास आला असता."

दिव्यानीने कपाट पाहिलं, खिळा पाहिला, मग अंजुमला बोलावलं.

पंचविशीची अंजुम दारातच उभी राहिली. तिच्या पायाशी भरलेली बॅग होती. "मी काय सांगू, ताई? अम्मीचा फारम मी भरला. मुंबईची तारीख मी काढली. चोरायचं असतं तर एवढं कशाले केलं असतं? खरं सांगते, मले वाटत होतं अम्मीनं जावं. मंग माह्याही कुठी बाहेर जाण्याची कधी गोष्ट निघली असती."

"मेल तुम्ही पाठवला नाही?"

"पत्ताच नाई राह्यला. हॉस्पिटलचं नावही मले नीट आठवत नाई. अम्मीच्या वहीत होतं."

"या कूलरचं काय झालं?"

अंजुमला प्रश्नाचं नवल वाटलं. "सोमवारी दुपारी मी इथीच झोपली होती. चांगला थंडगार होता."

मुबीन कारखान्यातच भेटला. हातात ड्रिल, चेहरा आंबट.

"मी दोनदा दुबईचे कागद भरले, दोनदा वापस आले," तो म्हणाला. "झोया एका झटक्यात गेली. तवापासून घरात तिचंच नाव. मी तिच्याशी बोलतच नाई. पन पासपोर्ट मी नाई घेतला. अम्मी जाती तर दोन महिने माल्टा माल्टा तरी ऐकू नसतं आलं."

त्याच्या मागच्या फळीवर नव्या पंपांचे खोके रचलेले होते. दिव्यानीने सहज विचारलं, "पंप बदलायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं," मुबीन म्हणाला.

बाबूभाई पत्रा कापत होते. पांढरी दाढी, खांद्यावर ओला गमछा. त्यांनी मान वर केली नाही.

"मार्च ते जून आमी कुठी जात नाई. तिले सांगतलं होतं मी. आयकलं नाई."

"पन पोरगी बोलावते तर जाले पाह्यजे," गुणवंतराव म्हणाले. "ऑपरेशन थेटरात नर्स. मोठी गोष्ट हाय, बाबूभाई."

"कायची मोठी गोष्ट." कात्री थांबली. "सहा दिवस सकाळपासून रातवरी राबते पोरगी. एक रविवार भेटते. त्याच्यात मायले कुठी फिरवल?"

कात्री पुन्हा पत्र्यावर चालू लागली.

बाहेर आल्यावर गुणवंतराव कुजबुजले, "मले तर मुबीनच वाटते. बहिणीवर जळते तो."

"जळतो," दिव्यानी म्हणाली. "पण ते पान कशाला फाडेल?"

*

साडेतीनला तिने चौघांना त्या तापलेल्या खोलीत बोलावलं.

"बाबूभाई," ती म्हणाली, "एक पंप आणा आणि हा कूलर चालू करून द्या. मुबीन म्हणतो, दहाच मिनिटांचं काम आहे."

बाबूभाई जागचे हलले नाहीत.

"आता नाई," ते म्हणाले. "मंग करतो."

"मी आणतो," मुबीन उठला.

"बस खाली!" बाप एवढ्या जोरात ओरडला की बाहेरचं ठोकणंही क्षणभर थांबलं.

दिव्यानी शांतपणे बोलू लागली. "ज्याने पासपोर्ट घेतला, त्याने चाचींचं जाणं तिथेच थांबवलं. मग पत्त्याचं पान फाडायची काय गरज होती? अंजुमला काम वाढण्याची भीती असती, मुबीनला जळफळाट असता, तर पासपोर्टवरच काम भागलं असतं. त्या पानावरून पुढे एकच गोष्ट होणार होती. मंगळवारी अंजुम हॉस्पिटलला मेल पाठवणार होती. ते रविवारी झोयाला कळलं, आणि सोमवारी पासपोर्ट आणि पान दोन्ही गेलं. त्या मेलची भीती एकाच माणसाला असू शकते."

"झोयाले?" खैरुन हसली. "ते काऊन भिईल?"

"उत्तर आलं असतं म्हणून, चाची. या नावाची नर्स इथे नाही, असं उत्तर."

खैरुनचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"तुम्ही म्हणालात, तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते. मग फोन तीन वर्षं नेमका रविवारीच दुपारी चारला कसा येतो? हॉस्पिटलात सुटीचा वार फिरतो. ठरलेला रविवार घरकाम करणाऱ्याला मिळतो. हे तुम्हाला माहीत नव्हतं. पण बाबूभाईंना होतं. सहा दिवस सकाळपासून रातवरी, एक रविवार. हे आताच ते गुणवंतभाऊंना बोलून गेले."

गुणवंतरावांनी घाईघाईने वही उघडली. वाक्य तिथे होतं, त्यांच्याच अक्षरात.

"राहिला हा कूलर. सोमवारी दुपारी चालत होता. संध्याकाळपासून बंद. शेकड्याने कूलर बनवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीत पंप बसवायला दहा मिनिटं मिळत नाहीत, पण नवी ताटी बसवायला वेळ मिळतो? पाणीच नाही त्या कूलरला नवी ताटी कशाला? आत काही ठेवायचं होतं आणि जुनी ताटी ओली होती, म्हणून. आणि पंप बंद ठेवला, कारण आतली वस्तू भिजू द्यायची नव्हती."

ती उठली, ताटीच्या तारा सोडवल्या आणि खस बाजूला केली. जाळीला टेकून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती. तिच्यात पासपोर्ट आणि चौघडी केलेलं वहीचं पान.

खैरुनने पान उलगडून पाहिलं.

"जाळायले घेतला होता," बाबूभाई शेवटी म्हणाले. "उघडला तर तुहा फोटो. नाई जाळवला."

"झोया कुठी काम करते?" खैरुनने विचारलं.

"एका म्हातारीच्या घरी. तिले उचलनं, धुनं, खाऊ घालनं. ज्या एजंटनं नेलं त्यानं हॉस्पिटल सांगतलं होतं. तिथी गेल्यावर समजलं, नर्सच्या कामाले कागदच नाई पुरत. सैपाकखोलीच्या मागं एक खाट हाय, तिथी झोपते. तू आली असती तर ठेवाले जागा नाई. गेल्या रविवारी तुह्याशी बोलून झाल्यावर मले कारखान्यात फोन केला तिनं. रडत होती. अब्बू, अम्मीले थांबवा म्हने."

"तुमाले केव्हापासून मालूम हाय?"

"दोन वर्सं."

"दोन वर्सं." खैरुन नवऱ्याकडे पाहत राहिली. "अन मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली. ऑपरेशन थेटर, ऑपरेशन थेटर. वहीत लिहित होती. तुमी बाजूले बसून पाहत होते. म्हातारीची सेवा करते, त्याच्यात कायची शरम होती? मले नसतं समजलं?"

"तुले खुश पाहून..." बाबूभाईंनी गमछ्याने तोंड पुसलं.

खैरुन सुनेकडे वळली. "बेटा, माहं चुकलं. माफ कर मले. बॅग ठेव आत."

अंजुमने बॅग उचलली. "तुमी माफी मांगली, अम्मी. बस झालं. पन सहा दिवस मी चोर होती, अन अब्बू रोज माह्या हातचं जेवले. एकदाही नाई म्हनाले, की इनं नाई घेतला." ती दाराबाहेर पडली. मुबीन आधी बापाकडे बघत उभा राहिला, मग तिच्या मागे गेला.

"चाची," दिव्यानी हळूच म्हणाली, "पासपोर्ट चांगला आहे. गुरुवारी तुम्ही मुंबईला जाऊ शकता."

खैरुनने पासपोर्ट उघडला, मिटला आणि मांडीवर ठेवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चार वाजले होते. बाबूभाईंनी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि स्पीकर लावला.

"अम्मी, सलाम. कशी हाय? पासपोर्ट भेटला का?"

खैरुनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"भेटला, बेटा. कपाटाच्या मांगं पडला होता. पन उंदरानं पुरा कुरतडला. या साली नाई होत आता येनं."

पलीकडे एक लांब श्वास सुटला. इतका मोकळा, की खोलीतल्या चौघांनाही तो स्पष्ट ऐकू आला.

"जाऊ दे, अम्मी," झोया म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "पुढच्या साली ये."

"हो. पुढच्या साली." खैरुनने ओढणीने फोनची काच पुसली. "काल किती ऑपरेशन झाले, बेटा?"

"चार," झोया म्हणाली, आणि एकेक सांगू लागली.

दिव्यानीने गुणवंतरावांना खूण केली. दोघं उठले. खैरुन फोनकडे बघत प्रत्येक ऑपरेशनला हूं, हूं म्हणत होती.